सातवीच्या पालकसभेचा मुहूर्त

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा दिवसा बँकेत काउंटरवर बसायचे आणि संध्याकाळी पत्रकं लिहायचे. पाण्यासाठी, झाडांसाठी, एसटीच्या बंद झालेल्या फेरीसाठी, कुठल्यातरी दूरच्या देशातल्या खाणकामगारांसाठी. आई ती तपासायची आणि त्यातली उद्गारचिन्हं कमी करायची. वाटून उरलेल्या गठ्ठ्यांवर आमच्या विरारच्या दोन खोल्यांचा संसार उभा होता. कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली, टेबलाच्या तोकड्या पायाखाली पत्रकांची घडी, शाळेच्या वह्यांना पत्रकांचीच कव्हरं. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'धिक्कार असो'वर. नवव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं: 'दुधीची सक्ती बंद करा!' खाली तीन मागण्या आणि 'निमंत्रक' म्हणून माझं नाव. आईने शुद्धलेखन तपासून दिलं आणि ताटात दुधी वाढला.

हे सांगायचं कारण असं, की सव्विसाव्या वर्षी मला सातवीच्या मुलांसाठी शरीर आणि वयात येणं या विषयाचे सहा पाठ लिहायला सांगितले, तेव्हा मी बसून जे लिहिलं ते पत्रकच होतं. सहा पत्रकं.

सांगणारे होते माझे विज्ञानाचे सर. माणिकपूरच्या ज्या मराठी शाळेत मी शिकले, तिथे ते चोवीस वर्षं विज्ञान शिकवताहेत. घर किनाऱ्याकडच्या वाडीत. केळी, पानवेली, दारात चाफा. सकाळी बागेला पाणी सोडून थेट शाळेत येतात, त्यामुळे पँटच्या कडेला कायम ओला चिखल. आम्हाला त्यांनी पेशी, पचन, परागीभवन सगळं फळा भरभरून शिकवलं होतं. फक्त माणसाच्या प्रजननाचा धडा आला तेव्हा खडू खाली ठेवून, खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, "हा घरी वाचून या." माझ्या माहितीत वर्गाने इतक्या मनापासून केलेला तो एकमेव गृहपाठ.

दोन वर्षांपूर्वी, जूनच्या शेवटी, त्यांचा फोन आला.

"तू ते पुस्तिका वगैरे लिहितेस ना? आरोग्याच्या?"

"हो सर."

"मग मला एक वाक्य पाहिजे."

"एकच?"

"सुरुवात एकाने कर."

मग त्यांनी सांगितलं. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर वर्गात परत आली नाही. दोन तास सगळे शोधत होते. सरांना ती सापडली प्रयोगशाळेत, सांगाड्याच्या कपाटामागे, दप्तर पोटाशी धरून बसलेली. पहिल्यांदाच पाळी आली होती. तिला वाटलं होतं आत काहीतरी फुटलं, आणि घरी कळलं तर आई रडेल, म्हणून ती तिथे बसून संपण्याची वाट बघत होती. काय संपण्याची, ते तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.

"मी तिला माझा रेनकोट दिला," सर म्हणाले. "आणि झाडूवाल्या मावशींना बोलवून आणलं. मधली दहा मिनिटं मी तिच्यासमोर उभा होतो. तिने विचारलं, सर, मला काय झालंय? बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय मी. मला एक वाक्य आलं नाही."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझ्या डोळ्यांसमोर लगेच मथळा आला. पण फोनवर मी फक्त म्हटलं, "सर, उद्या येते."

शाळेत त्या विषयाची एक जुनी पद्धत होती. वर्षातून एकदा एक बाई यायच्या. सातवी ते नववीच्या मुली हॉलमध्ये, खिडक्या बंद, पंखे चालू, दारावर शिपाई. प्रत्येकीला एक पाकीट. तेवढा वेळ पाचवीपासूनचे सगळे मुलगे मैदानावर, फुटबॉल देऊन. तास संपला की मुली पाकीट ओढणीत लपवून बाहेर येणार, मुलगे घामाघूम होऊन आत येणार, आणि दोघं एकमेकांकडे न बघता गणिताला बसणार. त्या वर्षीचा तो तास फेब्रुवारीत ठरला होता. मुलीला पाळी जूनमध्ये आली.

मुख्याध्यापिकांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो. त्या उंचीने लहान आहेत. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सहा तास? मुलगे-मुली एकत्र?"

"एकत्रच," मी म्हटलं. "शरीराला पडदा कशाला? ही तर सरळ सरळ..."

"तू थांब," त्या म्हणाल्या. "तू दहावीत असताना शौचालयाच्या दाराच्या कडीसाठी माझ्या केबिनबाहेर उपोषणाला बसली होतीस, मला आठवतं."

"कडी लागली ना पण."

"लागली. म्हणून ऐकतेय." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "पालकसभा घ्या. सातवीच्या दोन तुकड्या, एकशे दहा मुलं. निम्म्या घरांतून कोणीतरी येऊन, सगळं ऐकून, सही केली तर सहा तास वेळापत्रकात. नाहीतर फेब्रुवारीतला एक तास आहेच."

"पंचावन्न," सर म्हणाले.

"मागच्या सभेला किती आले होते?"

"अकरा. त्यातले दोघे शाळा चुकून आले होते."

मी महिनाभर दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत जात होते. पहिल्याच दिवशी, मी वही उघडायच्या आत, सरांनी जाहीर केलं, "एक सांगून ठेवतो. पाठात केळं येणार नाही."

"सर, हे सातवीचे पाठ आहेत. केळ्याचा प्रश्नच नाही."

"तरी."

"पण मी कुठे म्हटलं?"

"लोक म्हणतात. प्रशिक्षणाला गेलो होतो, तिथे एकाने प्रात्यक्षिकाला काढलं. घरचं पीक आहे ते आमचं. आजोबांनी लावलेली बाग. मुलं डब्यात खातात. उद्या त्यांनी केळं सोललं की हसायचं?"

मी वहीत लिहून घेतलं: केळं नाही.

मग मी पहिला पाठ वाचून दाखवला. 'विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो! किती दिवस अंधारात राहणार? लाजेच्या बेड्या तोडा! आपल्या शरीराच्या प्रत्येक अवयवाला त्याच्या नावाने हाक मारा!' खाली मागण्या होत्या. माझ्या हाताला खाली मागण्या लिहिल्याशिवाय थांबताच येत नाही.

सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. "हाक मारली तर अवयव ओ देतील का?"

"ती एक पद्धत आहे म्हणायची."

"आणि ह्या तीन मागण्या कोणाकडे आहेत? ग्रंथींकडे?"

"समाजाकडे."

"समाज सातवी ब मध्ये बसत नाही. तिथे पंचावन्न मुलं बसतात आणि त्यातली दहा झोपलेली असतात. अगं, त्यांना बेड्या कुठे ठाऊक आहेत? त्यांना पिंपल ठाऊक आहे. पिंपलपासून सुरू कर."

मला राग आला. विरारला घरी येऊन मी आईपुढे तणतणले, की क्रांतीची सुरुवात पिंपलपासून कशी होईल. आईने पाठ हातात घेतला, सवयीने लाल पेन काढलं, आणि पहिल्या पानावरची सात उद्गारचिन्हं खोडली. "आता वाच," म्हणाली. मी वाचलं. दोन वाक्यं उरली होती. दोन्ही बरी होती.

पाठ कशाबद्दल हवेत हे मुलांनाच विचारावं, म्हणून सरांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला, झाकणाला फट पाडली आणि आठवडाभर वर्गात ठेवला. नाव लिहायचं नाही. शनिवारी आम्ही तो टेबलावर उपडा केला. मी तयारीत होते. माझ्या मते त्यातून दडपलेल्या पिढीचा आक्रोश निघणार होता.

पहिली चिठ्ठी: 'मिशी दोन्हीकडे एकदम येते का आधी डावीकडे येते?'

दुसरी: 'माझा आवाज फुटला आहे. गणपतीत आरती म्हणू का नुसती टाळी वाजवू?'

तिसरी: 'आमच्या चर्चच्या गायनवृंदातून मला काढलं आहे. आवाज परत जुळतो का? किती दिवस लागतात?'

"यांना एका बाकावर बसवायला पाहिजे," सर म्हणाले.

'घामाला वास येतो तो आपल्याला येतो का दुसऱ्यांनाच येतो?' 'ताई घरात चिडते तेव्हा आई म्हणते तिचं वय आहे. बाबा चिडतात तेव्हा कोणाचं वय असतं?' आणि एकाच मजकुराच्या, वेगवेगळ्या अक्षरांतल्या तब्बल नऊ चिठ्ठ्या: मुलींना हॉलमध्ये पाकीट देतात त्यात काय खाऊ असतो आणि तो मुलांना का मिळत नाही. दहाव्या चिठ्ठीत फक्त एवढंच होतं: 'मला फुटबॉल आवडत नाही. मला आत बसू द्या.'

मी हसत होते. सर हसता हसता थांबले. त्यांच्या हातात चौकटीच्या वहीचा एक लहानसा तुकडा होता. त्यावर लिहिलं होतं, 'हे सगळ्या मुलींना होतं का फक्त मला?'

त्यांनी तो तुकडा घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. बाकीच्या चिठ्ठ्या मी घरी नेल्या आणि त्यांच्यावरून पाठ नव्याने लिहिले. तो तुकडा सरांकडेच राहिला.

वाक्य मी त्यांना कधीच लिहून दिलं होतं. 'पाळी येते तेव्हा तुला काहीही झालेलं नसतं, तू वाढत असतेस.' अडचण वाक्याची नव्हतीच. सर संस्कृत शब्दांना घाबरत नसत. अंडाशय, वृषण, संप्रेरक, गर्भाशय हे ते इतक्या प्रसन्नपणे म्हणायचे की नद्यांची नावं वाटावीत. पण 'पाळी' हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. ते 'मासिक' ठणठणीत म्हणायचे आणि पुढचा शब्द गिळायचे.

"सर, मुलीला मासिक आलं म्हटलं तर पोरं पोस्टमनची वाट बघतील."

"परत म्हणतो."

"म्हणा."

"मासिक..." ते सांगाड्याकडे वळले. "हा इथे असला की मला जमत नाही."

मग ते वाडीत सराव करू लागले. सकाळी केळींना पाणी सोडताना मोठ्याने म्हणायचे. चौथ्या दिवशी बायकोने विचारलं, कोणाशी बोलताय. हे म्हणाले, सातवी 'ब'शी. असं त्यांनीच मला सांगितलं.

आता सभा उरली होती. शाळेची नेहमीची सूचना मुलांच्या डायरीत जाते आणि तिथेच राहते, म्हणून मी म्हटलं, पत्रक काढू. गुलाबी कागद, ठसठशीत मथळा, कोपऱ्याकोपऱ्यावर वाटप. बाबांची पत्रकं वर्षानुवर्षं वसई गावातल्या एका छोट्या छापखान्यात छापली जातात. तिथल्या काकांनी मला लहानपणी शाईचे ठसे काढून दिलेत. ते मिठागराकडच्या गावातले आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि छापखाना आता पत्रकांवर नाही तर लग्नपत्रिकांवर चालतो.

"बाय, पत्रक कोन वाचतो आता?" काका म्हणाले. "तुझ्या बाबाच्या पत्रकात बाजारातल्या बाया बोंबील बांधून देतात. मी आनलेत घरी."

"मग काय करू? पंचावन्न माणसं आणायची आहेत, काका. नाही आली तर सगळं बारगळेल."

"कसला कार्यक्रम?"

"मुलं मोठी होतात त्याचा," मी म्हटलं. घाईत होते. विरारची गाडी पकडायची होती.

काकांनी मान डोलावली. "मजकूर पाठव फोनवर. बाकी माझ्यावर सोड. श्रावन आहे, हिंदूंची लग्नं नाय, आमची पन आता नाय. हात मोकळा आहे. झकास करतो."

हात मोकळा असलेल्या कारागिरावर काम सोडू नये, हे बाबांच्या एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी मी शाळेत गेले तर फाटकावरच्या शिपाईमामांनी विचारलं, "मॅडम, जेवणात काय ठेवलंय?"

"कसलं जेवण?"

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. जाड, चकचकीत, सोनेरी कडेचं. वर '॥ श्री गजानन प्रसन्न ॥'. खाली मुंजीतल्या बटूचं चित्र: शेंडी, लंगोटी, हातात दंड, खांद्याला झोळी. आणि मजकूर असा:

'सप्रेम नमस्कार वि. वि. आमच्या येथे श्रीकृपेकरून इयत्ता सातवीचे सर्व चि. व कु. यांच्या शरीरात होणारे बदल शनिवारी सकाळी १० वाजून ७ मिनिटे या शुभमुहूर्तावर समजावून सांगण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार व इष्टमित्रांसह उपस्थित राहून त्यांस शुभाशीर्वाद द्यावेत. आपले नम्र, समस्त शिक्षकवृंद.'

त्याखाली तिरक्या बाळबोध अक्षरात: 'आमच्या ताईदादांच्या बदलांना यायचं हं! – सहावीची चिल्लीपिल्ली.'

आणि शेवटी: 'स्नेहभोजन सभेनंतर. कृपया आहेर आणू नये.'

मी तिथेच फाटकापाशी बसले. मामांनी पाणी दिलं. मग समजलं, की हा तीन नमुन्यांपैकी एक आहे. दुसऱ्यावर सोनेरी प्याला, द्राक्षांचा घोस आणि 'परमेश्वराच्या कृपेने' आहे. तिसऱ्यावर नुसता गुलाब.

रिक्षा करून मी छापखान्यात गेले. रस्त्यात मनात पूर्ण पत्रक तयार झालं होतं.

"काका! एका वर्गातल्या मुलांना धर्माप्रमाणे वेगळी कार्डं? आम्ही आयुष्यभर कशाविरुद्ध लढलो?"

काका गोंधळले. "तूच म्हनालीस, पोरं मोठी होतात त्याचा कार्यक्रम. माझ्याकडे पोरं मोठी होन्याची दोनच चित्रं आहेत, बाय. मुंज आनि आमच्या चर्चातलं पहिलं कम्युनियन. बाकीच्यांना म्हनून गुलाब घातला. तिसरं कोनी कधी छापायलाच आनलं नाय."

मी पुढच्या मुद्द्यावर गेले.

"आणि मुहूर्त?"

"तो कॉम्प्युटर टाकतो."

"आणि चिल्लीपिल्ली?"

"ती ओळ लोकांना लई आवडते."

"आणि जेवण, काका? जेवण!"

काकांनी चष्मा वर करून कार्ड वाचलं. बराच वेळ वाचलं. "ते काढायचं राहिलं," म्हणाले.

कार्डं परत मागवणं शक्य नव्हतं. काकांनी ती परस्पर शाळेत पोचवली होती आणि बुधवारीच वर्गांत वाटली गेली होती. काकांनी वेगवेगळे गठ्ठे बांधले होते, पण मुलांनी मधल्या सुट्टीत कार्डांची अदलाबदल केली होती. सोनेरी प्याल्याला फार मागणी होती. एका प्याल्याला दोन बटू असा भाव चालला होता. त्यामुळे ख्रिस्ती घरांत शेंडीवाला बटू गेला, जोशी-कुलकर्ण्यांकडे द्राक्षांचा घोस, आणि गुलाब कुठेही. माझ्या निषेधाला विषयच उरला नाही.

मोठ्या बाईंनी कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं. "शुभाशीर्वाद," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "शुभाशीर्वाद." मला वाटलं आता सगळं रद्द. त्या म्हणाल्या, "आता पंचावन्न नाही, दोनशे येतील. आणि बोलावून उपाशी पाठवलं तर सही सोडा, मुलांचे दाखले काढून नेतील. जेवायला काय घालणार आहात? संप्रेरकं?"

मी सरांकडे पाहिलं. सर खिशावर हात ठेवून उभे होते, तो चिठ्ठीचा खिसा. "मी बघतो," म्हणाले.

शनिवारी नऊ वाजताच लोक यायला लागले. पालकसभेला नाही, समारंभाला. बायका ठेवणीतल्या साड्यांत, गजरे माळून. बाप चक्क स्वतः आलेले, इस्त्रीच्या शर्टात. धाकटी भावंडं, आज्या, एक मामा खास नालासोपाऱ्याहून. कार्ड आल्यावर जायचं नाही असं आमच्याकडे होत नाही. पत्रक टाळता येतं, कार्ड नाही. आहेर आणू नये असं लिहिलेलं असल्यामुळे काही जण आहेर घेऊन आले होते. एका कुटुंबाने भिंतीवरचं घड्याळ आणलं. ते कोणाला द्यायचं हे त्यांना कळेना, तेव्हा मोठ्या बाईंनी घेतलं.

बाबा आणि आईसुद्धा आले होते. बाबा मागे भिंतीला टेकून माणसं मोजत होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते.

पावणेदहाला फाटकात टेम्पो आला. मागे केळ्यांचे लोंगर, दांड्यासकट, एकावर एक रचलेले. वाडीतली तयार होती नव्हती तेवढी सगळी सरांनी उतरवून आणली होती. कोयत्याने फण्या सोडवत ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे पाठात नाही. सभेत आहे."

दहा वाजून सात मिनिटांनी सभा सुरू झाली. मुहूर्त पाळावाच, असा मोठ्या बाईंनी आग्रह धरला.

मी उभी राहिले. समोर दोनशे माणसं, प्रत्येकाच्या हातात केळं, आणि मला शरीराच्या अवयवांची नावं उच्चारायची होती. मी नावं घेतली. एकही सोडलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. पहिल्या शब्दाला तिसऱ्या रांगेतल्या एका बापाने नुकतंच सोललेलं केळं हळूच परत सालीत झाकलं. दुसऱ्या शब्दाला नालासोपाऱ्याच्या मामांना ठसका लागला. तिसऱ्याला हॉलमध्ये कोणीच काही चावत नव्हतं. केळ्यांवर हसायचं नाही, एवढीच माझ्या गुरुजींची अट होती. ती पाळताना माझ्या बरगड्या दुखल्या.

मी चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. आवाज फुटलेल्या दोघांवर लोक मोकळे हसले. नऊ चिठ्ठ्यांच्या खाऊवर बायका इतक्या हसल्या की एकीचा गजरा सुटला. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात एक वडील उभे राहिले.

"हसायला ठीक आहे. पण सातवीत? लहान आहेत हो अजून. मोठी झाली की कळेल आपोआप. मुलीला तिची आई सांगेल की."

आजूबाजूला माना हलल्या. हलणाऱ्या माना मला लहानपणापासून मोजता येतात. पंचावन्नाचं गणित माझ्या डोळ्यांसमोर सुटत गेलं. माझ्या तोंडात 'लाजेच्या बेड्या' आल्या होत्या. पण सर पुढे झाले आणि माईक माझ्या हातून घेतला.

"जूनमध्ये," ते म्हणाले, "आपल्या शाळेत एका मुलीला..." आणि थांबले. खिशातली चिठ्ठी काढली, उलगडली. वाचून दाखवली. "हे सगळ्या मुलींना होतं का फक्त मला." मग म्हणाले, "तिला मासिक..."

पुढे काही येईना. माईक घूं करत राहिला. मी मनातल्या मनात ओरडत होते, केळी समजा सर, समोर केळीच आहेत.

दुसऱ्या रांगेतून लाल लुगड्यातली एक आजी उठली. उठायला तिला वेळ लागला. तोवर सगळे थांबले.

"मास्तर, पाळी आली म्हना. किती घाबरता!" ती म्हणाली. "मला पन कोनी नव्हतं सांगितलं. आईला विचारायची भीती. मी विहिरीवर जाऊन बसले दिवसभर. वाटलं, मेले मी आता."

शेजारच्या सुनेने तिचा पदर ओढला. "आत्ये, बसा ना."

मोठ्या बाईंनी हळूच विचारलं, "मग?"

"मग काय, नाय मेले. बसलेय ना इथे. केळं खातेय." आणि तिने खरंच एक घास घेतला. "फक्त तो दिवस गेला फुकट. विहिरीवर. पोरीचा नको जायला."

ती खाली बसली. सरांनी घसा साफ केला. मग दोनशे माणसांसमोर, एकही शब्द न गिळता, म्हणाले, "पाळी येते तेव्हा मुलीला काहीही झालेलं नसतं. ती वाढत असते. हे तिला जूनमध्ये सांगायला पाहिजे होतं. मला सांगता आलं नाही. मला शिकवू द्या."

ते वडील अजून उभेच होते. मग त्यांनी विचारलं, "मुलगे पण बसणार ना तासाला?"

"बसणार."

"मग त्याला ते मिशीचं पण सांगा. घरी मला विचारतो. मला काय ठाऊक कुठून आधी येते?"

सह्यांचा कागद टेबलावर ठेवला तर रांग लागली, लग्नात आहेराला लागते तशी. काहींनी सही करून सवयीने टेबलामागे बसलेल्या मला नमस्कार केला. एका काकूंनी कुंकू लावलं. शहाऐंशी सह्या झाल्या. आजीने अंगठा दिला. तिचा नातू सहावीत होता. कार्ड तिच्याकडे चुकून गेलं होतं. तो अंगठा मोठ्या बाईंनी मोजला नाही, पण खोडलाही नाही.

बाबा जाताना तिन्ही नमुन्यांचं एकेक कार्ड मागून घेऊन गेले. "तीस वर्षं पत्रकं वाटली," जिन्यात आईला म्हणत होते, "एवढी माणसं एकदा आली नाहीत." पुढच्या आठवड्यात ते छापखान्यात गेले आणि काकांना विचारलं, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून धरणे आंदोलन' असं बसवता येईल का. काका म्हणाले, येईल, पन चित्र कुठलं टाकू? त्यावर बाबांचा अजून विचार चालू आहे.

पहिला पाठ सोमवारी, चौथ्या तासाला. मी मागच्या बाकावर बसले होते. सरांनी फळ्यावर तारीख लिहिली, मुलांकडे वळले आणि ते वाक्य म्हणाले. घाईही नव्हती, थांबणंही नव्हतं. पाणी शंभर अंशाला उकळतं म्हणतात तसंच. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली पट्टीने रेघ मारली. सर तिच्याकडे न बघता पुढे गेले. खिशाला मात्र त्यांचा हात लागला.

मग एक मुलगा उठला.

"सर, पाकिटात खाऊ असतो का नसतो?"

सरांनी खणातून पाकीट काढलं, सगळ्यांसमोर फोडलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटंसुलटं केलं, दाबून पाहिलं, वास घेतला आणि शेजाऱ्याकडे सरकवलं. हातोहात ते शेवटच्या बाकापर्यंत आलं.

"कापूस आहे," मागचा एक जण फार निराश होऊन म्हणाला. "एवढ्यासाठी आम्ही दोन वर्षं फुटबॉल खेळलो?"